रत्नागिरीचे पाच व्होल्ट

रत्नागिरीला माणसे कशासाठी जातात? कुणी हापूससाठी जातात, कुणी लोकमान्यांचे जन्मघर पाहायला जातात, कुणी थिबा राजाच्या राजवाड्याच्या गच्चीतून समुद्राकडे बघत उसासा टाकायला जातात. अलीकडे तर पुष्कळ मंडळी गणपतीपुळ्याला जाता-जाता नुसता चहा घ्यायला थांबतात. मी यंदा भाद्रपदात, गौरी-गणपती उरकल्यावर, रत्नागिरीला गेले ती दोन कपॅसिटर पोहोचवायला. दोन्ही मिळून एका सुपारीएवढे वजन भरले नसते. पण ते कुंकवाच्या डबीत कापूस घालून, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून मी नेले. सोन्याच्या पाटल्याही मी इतक्या जपून नेल्या नसतील.

त्याचे असे झाले. रत्नागिरीला माझे मामा असतात. मुंबईच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि मामीला घेऊन मूळच्या घरी परतले. जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीवर रहाटाऐवजी आता विजेचा पंप, असे ते घर. एके रात्री त्यांचा फोन आला. "अगो, उद्या लॅमिंग्टन रोडवर जा आणि मी सांगतो त्या दोन वस्तू आण. कागद-पेन्सिल घे. एक पॉइंट एक मायक्रोफॅरडचा आणि दुसरा त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. दोन्हींवर एक्स-टू असा शिक्का पाहिजे. शिक्का नसला तर आणू नकोस, फुकट दिला तरी आणू नकोस."

मी जन्मभर ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवीत आले. एक्स-टू म्हणजे काय ते मला कोठून ठाऊक असणार? पण मामांपुढे विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर डॉ. भडकमकर मार्गावर गेले. सरकारी पाटी तशी आहे, पण सारे गिऱ्हाईक त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. चार दुकाने हिंडले. पाचव्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी वाचली आणि विचारले, "किती शेकडा?" मी म्हटले, "एकेक." त्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की केळीवाल्याकडे मी केळीची नुसती साल मागितली असावी.

हा सारा खटाटोप मामांच्या जुन्या संगणकासाठी होता. जुना म्हणजे पाच-दहा वर्षांचा नव्हे. माझ्या विद्यार्थ्यांच्या जन्माआधीचा, इतकेच नव्हे, तर त्यांच्यापैकी पुष्कळांचे आईबाप शाळेत होते तेव्हाचा. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. १९८१ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो बाजारात आणला. लंडनच्या बीबीसीने सामान्य लोकांना संगणक शिकविण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक मालिका सुरू केली आणि मालिकेच्या जोडीला घरोघरी, शाळाशाळांतून ठेवता येईल असे यंत्र म्हणून आपले नाव याला दिले. फिक्या पिवळट रंगाची, टंकलेखन यंत्राहून थोडी मोठी पेटी, त्यातच कळफलक, वर लाल रंगाच्या दहा कळांची ओळ. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाईलमधला एखादा धूसर फोटोदेखील तेवढ्या जागेत मावायचा नाही.

आपल्याकडे हे यंत्र आले ते केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून. १९८४-८५ साली ती योजना सुरू झाली आणि देशभरच्या माध्यमिक शाळांना हेच बीबीसी संगणक वाटण्यात आले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने इकडे तयारही केले. मामांच्या शाळेत ते आले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला वातानुकूलित नव्हे, पण पडदे लावलेली एक खोली दिली होती आणि मुलांनी चपला बाहेर काढून आत जावे असा दंडक होता. देवघर आणि प्रयोगशाळा यांच्यामधले काहीतरी. दहा-बारा वर्षांनी नवी यंत्रे आली, खोलीचे पडदे गेले, आणि यंत्रे भंगारात निघाली. त्यातले एक मामांनी लिलावात भंगाराच्या भावाने घेतले. मामी म्हणते, त्या पैशांत तिची पैठणी आली असती. मामा म्हणतात, पैठणीचा पदरदेखील आला नसता. हा वाद अजून मिटलेला नाही.

तर या गौरीत मामांच्या नातवाने माळ्यावरून ते यंत्र उतरविले, कोरड्या फडक्याने पुसले आणि आजोबांना चकित करावे म्हणून बटण दाबले. पहिली दोन-तीन मिनिटे काही झाले नाही. मग ‘फाट्’ असा आवाज झाला, घरातला विजेचा खटका खाली पडला आणि यंत्राच्या डाव्या अंगातून पांढरा धूर निघू लागला. धूर म्हणजे कसा? सुके बोंबील रबराच्या चपलेवर भाजल्यासारखा. घरात गौरी बसलेल्या, शेजारणी हळदीकुंकवाला आलेल्या, आणि माजघरातून हा सुगंध! मामी दोन दिवस ज्याला-त्याला सांगत होती, "अहो, तसले काही नाही हो, कंप्युटर जळला."

मामांना मात्र हसू आले नाही. यंत्र गेले याचे वाईट वाटलेच. पण त्याहून मोठे कारण एका कॅसेटमध्ये होते. ते मला रत्नागिरीला पोहोचल्यावर कळले.

कोकण रेल्वेने रत्नागिरीला येणे म्हणजे पावसाळ्यात पाण्याखालून येण्यासारखेच आहे. २६ जानेवारी १९९८ ला हा मार्ग मुंबई ते मंगळूर असा अखंड सुरू झाला. त्याआधी आम्ही लहानपणी रातराणी एस.टी.ने कशेडीचा घाट आणि परशुरामचा घाट पोटातून ढवळत पार करीत असू. आता उक्षी सुटले की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटर लांब, या मार्गावरचा सर्वांत मोठा बोगदा. पूर्वी डिझेलचा धूर डब्यात यायचा म्हणून मंडळी खिडक्या लावून घेत. २०२२ साली सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले, तेव्हापासून नुसता काळोख आणि ओल्या कातळाचा गार वास येतो. बोगद्यातून बाहेर पडले की जे हिरवे दिसते त्याला हिरवे हा शब्द पुरत नाही. भाताची, शेवाळाची, नारळाची, सागाची, सगळ्यांची हिरवाई वेगवेगळी. आणि त्या सगळ्यांवरून पाऊस असा पडत असतो, जणू त्याला दुसरे काही काम नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. मुंबईकराला पावसाचे कौतुक सांगू नये म्हणतात. पण मुंबईचा पाऊस पडतो आणि जातो, रत्नागिरीचा पाऊस घरात राहायला येतो. मिठाच्या बरणीत येतो, आगपेटीत येतो, गादीत येतो, पुस्तकाच्या पुठ्ठ्यात येतो. शिवाय समुद्राचा खारटपणा. बिजागरी दोन वर्षांत कुरकुरते, खिडकीचा गज चार वर्षांत सोलपटतो. अशा हवेत एक विजेचे यंत्र पंचवीस वर्षे माळ्यावर पडून होते!

कुवारबावला उतरून रिक्षाने घरी गेले. मामा पडवीतच उभे होते. ‘प्रवास कसा झाला’ नाही, ‘चहा घे’ नाही, हात पुढे करून म्हणाले, "आण." मी डबी दिली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्हींवरचा शिक्का वाचला. मगच म्हणाले, "ये आत. भिजलीस की काय?"

रात्री जेवणे झाल्यावर मामांनी कॅसेटची गोष्ट सांगितली. शाळेत यंत्र आले तेव्हा त्याला इंग्रजी तेवढे लिहिता येई. मामांना ते सोसेना. या यंत्रात एक सोय होती: आठ आडव्या, आठ उभ्या अशा चौसष्ट घरांच्या चौकटीत आपल्याला हवे ते अक्षर आपण आखावयाचे आणि प्रत्येक ओळीसाठी एक, असे आठ आकडे यंत्राला सांगावयाचे. आठही घरे भरली तर तो आकडा २५५. मामा म्हणाले, "तेव्हा पहिल्यांदा मला कळले, की आपली शिरोरेखा म्हणजे २५५!" शेजारी-शेजारी अक्षरे छापली की २५५ ला २५५ लागून रेघ आपोआप जुळत जाते. हे ऐकून मी तरी थक्क झाले. बावीस-तेवीस वर्षे मराठी शिकविते आहे, पण शिरोरेखेची इतकी नेमकी व्याख्या माझ्या ऐकण्यात नव्हती.

अडचण मात्रांची आली. मात्रा, वेलांटी, रफार सारे शिरोरेखेच्या वर, उकार खाली. चौसष्ट घरांत एवढे बिऱ्हाड मावायचे कसे? मामांनी शिरोरेखा दोन ओळी खाली उतरविली, वर मात्रांना माडी ठेवली, आणि अक्षराला उरलेल्या पाच ओळींत कसेबसे बसविले. यंत्राची आणखी एक खोड त्यांनी हेरली होती. एक विशिष्ट आज्ञा दिली, की ते आधीचे अक्षर न पुसता त्याच्यावर दुसरे छापी. म्हणजे ‘क’ छापावयाचा आणि त्याच जागी वर मात्रा छापावयाची, झाला ‘के’. मूळची सोय बत्तीस अक्षरांपुरती. मराठीचे तेवढ्यावर भागत नाही, तेव्हा स्मृतीतली आणखी जागा मोडून ती वाढविली. शाळा सुटल्यावर रोज एक अक्षर, असे त्यांनी वर्षभर चालविले होते.

आणि अक्षरे तयार झाल्यावर त्यांत लिहिले काय? तर त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, जात्यावरच्या ओव्या. आजी तेव्हा होती. मे महिन्याच्या सुटीत ती म्हणे आणि मामा वहीत उतरवून घेत. वहीतल्या साठ ओव्या त्यांनी यंत्रात घातल्या आणि साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठविल्या. या यंत्राला तशी सोय होती. अक्षरांचे चिरके सूर होऊन ते फितीवर उतरत. आजी गेली. वही वाळवीने खाल्ली. कॅसेट राहिली, पण ती वाचणारे यंत्र धूर सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी रिक्षात यंत्र मांडीवर घेऊन आम्ही राम आळीत गेलो. राम आळी म्हणजे रत्नागिरीच्या बाजाराचा कणा. कापड, भांडी, सोने, काजूगर, आमसुले, छत्र्या. आणि मधूनच आत शिरणारे बोळ. अशा एका बोळात एक दुकान आहे. पुढे पुतण्या मोबाईल दुरुस्त करतो, मागे चुलते बसतात. सारी आळी त्यांना चाचा म्हणते. राजिवड्याचे राहणारे. उमेदीची वीस वर्षे आखातात टीव्ही आणि व्हिडिओ दुरुस्त करण्यात गेली. आता वय सत्तरीकडे झुकले. हात मात्र घड्याळजीचा.

चाचांनी यंत्राकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "गुरुजी, धूर आल्यानंतर पुन्हा बटण दाबलेत?"

"नाही."

"मग अर्धे काम झाले."

यंत्राच्या झाकणाचे चार स्क्रू. त्यांच्या शेजारी ‘फिक्स’ असा शब्दच छापलेला. झाकण उघडले की उजवीकडे सारा मेंदू आणि डावीकडे एक बंद धातूची पेटी. हाच पॉवर सप्लाय. त्याच्यातून सात तारा मेंदूकडे जातात: तीन लाल, तीन काळ्या आणि एक जांभळी. लाल म्हणजे अधिक पाच व्होल्ट, काळी म्हणजे शून्य, जांभळी म्हणजे उणे पाच. चाचांनी कागदावर चित्र काढून तारांच्या जागा मांडल्या आणि मगच त्या सोडविल्या. घाई नाही. मला आमच्या कॉलेजातले हस्तलिखितांचे जुने अभ्यासक आठवले. पोथी सोडताना पानांचा क्रम आधी लिहून ठेवीत.

पेटी उघडली आणि गुन्हेगार समोरच दिसला. काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा एक पिवळट, पारदर्शक ठोकळा मधोमध फुटला होता आणि आतून काकवीसारखा तपकिरी चिकटा बाहेर आला होता. शेजारी त्याचा धाकटा भाऊ. तो शाबूत, पण अंगभर बारीक भेगा.

"हा काय काम करतो?" मी विचारले.

"काही नाही," चाचा म्हणाले. "म्हणजे वीज बनवायला काही नाही. यंत्राचा गोंगाट बाहेर लायनीत जाऊ देत नाही, बस. हा नसला तरी यंत्र चालेल, फक्त शेजाऱ्याचा रेडिओ खरखरेल."

नंतर त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मला फार आवडले. या जातीच्या जुन्या कपॅसिटरच्या पोटात धातूचा पातळ मुलामा दिलेला कागद असतो, चक्क कागद! त्याची घट्ट गुंडाळी करून ती राळेच्या ठोकळ्यात बंद केलेली असते. वर्षे लोटली की राळेला भेगा पडतात, भेगांतून दमट हवा शिरते आणि कागद ओल पितो. माळ्यावर निजला आहे तोवर ठीक. एकदा २३० व्होल्ट अंगावर आले, की ओला कागद तापतो, फुगतो आणि फुटतो. म्हणून तर पहिली दोन-तीन मिनिटे काही होत नाही. इंग्लंडातल्या या यंत्रांचेही असेच होते म्हणे. मग रत्नागिरीच्या हवेत काय होणार! दोष कुणाला द्यावा? ज्यांनी तो बनविला त्यांनी तो चाळीस वर्षे टिकावा म्हणून बनविलाच नव्हता.

मला आठवले ते इथले नगर वाचनालय. १८२८ सालची ही संस्था. एवढे जुने वाचनालय महाराष्ट्रात शोधावेच लागेल. कोकणातल्या कोणत्याही ग्रंथपालाला विचारा, त्याचा शत्रू कोण? वाचक नव्हे, वाळवीही नव्हे, ओल. कागद वाचनालयाच्या कपाटात असो की संगणकाच्या पोटात, ओल त्याला शोधून काढतेच.

एक्स-टूचा अर्थही तेव्हाच कळला. हे कपॅसिटर थेट घरच्या विजेच्या दोन तारांमध्ये आडवे बसतात. ते बिघडलेच, तर आग न लावता बिघडावेत, अशा कसोटीला उतरलेल्यांवरच तो शिक्का असतो. आजच्या नव्या मालात कागद नसतो, प्लॅस्टिकची फिल्म असते; ती ओल पीत नाही. मामांच्या ‘फुकट दिला तरी आणू नकोस’ यामागे हा विचार होता.

इथे एक आडवळण घेते. कपॅसिटरला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘धारित्र’ म्हणतात. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत याच गावात स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची त्यांची मोहीम याच काळातली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे त्यांचे शब्द आपण आज सहज वापरतो. मी चाचांना ‘धारित्र’ शब्द सांगून पाहिला. त्यांनी तो दोनदा उच्चारला, मान डोलावली आणि पुतण्याला हाक मारली, "अरे, तो जळका कपॅसिटर फेकू नको, गुरुजींना दाखवायला ठेव." शब्द टिकतो तो हाताला सवय झाली तरच. असो.

फुटका ठोकळा काढून नवा बसविला की झाले, असे मला वाटले होते. चाचांनी ते केले नाही. "धूर याचा होता, पण हा एकटाच मेला की कुणाला घेऊन मेला, ते आधी बघू." पेटीत एक मोठा नळकांडीसारखा कपॅसिटर असतो; २३० व्होल्टची वीज सरळ केली की त्याच्यावर सव्वातीनशे व्होल्ट चढतात आणि प्लग काढला तरी ते काही काळ तिथे दबा धरून राहतात. त्याला मीटर लावून शून्य दिसल्याखेरीज चाचांनी आत बोट घातले नाही. पुतण्याने हात पुढे केला तेव्हा त्याच्या मनगटावर चापटी बसली.

मग त्यांनी बाकावरून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर एक साधा, तारेचा पिवळा बल्ब. वीज आधी या बल्बातून आणि मग यंत्रात जाणार. आत कुठे तारा भिडलेल्या असतील तर सगळा भार बल्ब घेतो आणि लख्ख पेटतो, यंत्र वाचते. काही बिघाड नसेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. याला सिरीज बोर्ड म्हणतात. गावोगावच्या वायरमनपाशी असतो, आणि माझ्या मते कोणत्याही महागड्या उपकरणाहून शहाणा असतो. एलईडीचा दिवा त्यात चालत नाही, म्हणून चाचांनी जुने शंभर वॅटचे चार बल्ब कापसात गुंडाळून ठेवले आहेत.

दुसऱ्या टोकाला, पाच व्होल्टच्या तारांना, त्यांनी जुन्या मोटरसायकलचा सहा व्होल्टचा दिवा जोडला. मेंदूला काही जोडले नाही. या जातीच्या पॉवर सप्लायला बिनकामाचे चालविले तर तो नीट वागत नाही. काहीतरी ओझे द्यावे लागते. आणि बिघडलेला असेल, तर मेंदूपेक्षा दिवा जळालेला बरा.

बटण दाबले. फळीवरचा बल्ब चमकला आणि मंदावला. सगळ्यांनी श्वास सोडला. पण मोटरसायकलचा दिवा लुकलुकत होता, आणि पेटीतून बारीक ‘टिक्-टिक्’ येत होते. मीटरवर चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक सहा, पुन्हा चार पूर्णांक तीन.

"पुरे नाही का?" मी विचारले. अर्ध्या व्होल्टसाठी एवढे काय?

उत्तर मामांनी दिले. या मेंदूतल्या चिपांना पावणेपाच ते सव्वापाच एवढ्यातच चैन पडते. कमी झाले तर त्या बेभरवशाच्या होतात; फार जास्त झाले तर मरतात. पुतण्याने तोडगा काढला, "चाचा, मोबाईलच्या चार्जरमधून पाच व्होल्ट येतातच की. तोच लावू." तोडगा वेडगळ नव्हता. पण चाचा म्हणाले, "एवढे अँपिअर तुझा चार्जर देणार नाही. आणि जांभळ्या तारेचे उणे पाच कोण देणार, तुझा बाप? ते नसले तर यंत्र मुके होईल."

दोष निघाला पाच व्होल्टच्या बाजूच्या कपॅसिटरांत. हे वेगळ्या जातीचे. यांच्या पोटात एक द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षे आटत जातो. थोडक्यात, एका टोकाचा कपॅसिटर ओल पिऊन मेला आणि दुसऱ्या टोकाचा ओल आटून! चाचांनी तीन बदलले, उलटसुलट टोके दोनदा तपासून. मग मी आणलेले दोन एक्स-टू बसले. पुन्हा फळी, पुन्हा दिवा. या वेळी दिवा स्थिर. मीटरवर पाच पूर्णांक शून्य चार. टिकटिक बंद.

सात तारा चित्राप्रमाणे जागेवर गेल्या. पडदा म्हणून दुकानातला एक टीव्ही. त्याला जोडायची पिन शेजारच्या सीसीटीव्हीवाल्याकडून आली. बटण दाबताच यंत्र दोन सुरांत बोलले. आधी खालचा, मग वरचा. खालचाच सूर धरून बसले असते तर दुखणे मेंदूत आहे असे समजावयाचे होते. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरे उमटली: बीबीसी कंप्युटर, ३२ के. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक ओळ टंकली, दोन अधिक दोन किती ते विचारणारी, आणि यंत्राने चार म्हटल्यावर चष्मा पुसला.

वीजपुरवठ्याचा विषय निघाला आहे म्हणून याच यंत्राच्या घराण्यातली एक गंमत सांगते. एकॉर्न कंपनीने पुढे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्याकडून एक नवा मेंदू आखून घेतला. २६ एप्रिल १९८५ ला त्याची पहिली चिप तयार होऊन आली आणि ती एका बीबीसी मायक्रोलाच जोडून तपासली. चिप उत्तम चालली. ती किती वीज खाते म्हणून मीटर लावला, तर काटा शून्यावर! शोध घेतल्यावर कळले, की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती. ती चिप म्हणजे ‘आर्म’. चाचांचा पुतण्या दिवसभर जे मोबाईल उघडतो, त्यांच्या पोटात त्याच घराण्याचे मेंदू आहेत. त्याला हे सांगितले तेव्हा तो मामांच्या पेटीकडे जरा आदराने पाहू लागला.

कॅसेटीचे काम दुपारनंतर. चाचांनी ती उजेडात धरली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. त्यांनी ती हलक्या हाताने काढली, आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरचे डोके पुसले, आणि यंत्राला जोडण्याआधी टेपचा नुसता आवाज मोबाईलवर उतरवून घेतला. "फीत दुसऱ्यांदा वाजेल की नाही सांगता येत नाही, ताई. पहिला फेरा वाया घालवायचा नाही." मग यंत्रावर लावली. चिरका सूर सुरू झाला आणि पडद्यावर तुकड्यांचे क्रमांक चढू लागले. पंधरा-वीस तुकडे गेले असतील, आणि लाइट गेली!

ज्या जिल्ह्यात पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर १९६२ पासून चालू आहे, ज्या जिल्ह्यात अंजनवेलला आणि जयगडला विजेचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, तिथल्या माणसाला ‘लाइट गेली’ हे शब्द ‘जेवलास का’ इतकेच सवयीचे आहेत. वादळात झाडे तारांवर पडतात, खारी हवा चिनी मातीच्या भांड्यांवर मीठ धरते. त्याला कोण काय करणार? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले, तेव्हा मामांकडे कितीतरी दिवस कंदील होते. राम आळी अंधारली. यंत्राच्या स्मृतीतले सारे पुसले गेले. चाचांनी चहा मागविला. बोळाच्या तोंडाशी पाऊस, आत आम्ही पाचजण. आणि मामा त्या अंधारात हळू आवाजात एक ओवी आठवू लागले. पहिला चरण आला, दुसरा आला, तिसऱ्याला अडले. चाचांनी विचारले, "तुमच्याकडेही जात्यावर म्हणत? आमची अम्मी म्हणायची." आणि त्यांनी आपली एक ओवी अर्धी-मुर्धी म्हटली. चाल जवळजवळ तीच होती.

लाइट रात्री आठाला आली. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा यंत्राने ‘डेटा?’ असे विचारून फीत मागे घ्यायला सांगितले, मागे घेतली, पुढे गेले. तिसऱ्यांदा त्याने जे अडून बसायचे ठरविले ते ठरविलेच. तेव्हा मामांनी जेवढे आले होते तेवढेच पडद्यावर मागविले. शिरोरेखा दोन ओळी खाली उतरलेली, अंगाने आखूड, चौकोनी, पोरांनी खडूने लिहिल्यासारखी ती अक्षरे वर सरकू लागली. ‘ळ’ चा आकार मात्र मामांना शेवटपर्यंत साधलेला नव्हता. आकड्यातल्या आठसारखा दिसत होता. मी वही घेऊन उतरवीत गेले. एकेचाळीस ओव्या मिळाल्या. मामी दुकानात फोनवर होती, मामा वाचीत, ती पलीकडून म्हणे, "हां, ही सासूबाईंचीच. ही त्या रोहिणीच्या बारशाला म्हणाल्या होत्या." रोहिणी म्हणजे त्यांची गाय.

उरलेल्या एकोणीस त्याच फितीच्या खराब भागात आहेत. मोबाईलवर उतरविलेला आवाज पुतण्याने माझ्याकडेही दिला आहे. त्यातला तो तुकडा स्वच्छ करता येतो का, हे तो पाहतो आहे. फीत स्वतः चाचांनी तांदूळ भरलेल्या डब्यात ठेवली आहे. पाऊस संपून हवा कोरडी पडली, की कार्तिकात ती पुन्हा एकदा लावायची, असे ठरले. यंत्र घरी नेताना चाचांनी पेटीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटविली: कोणते कपॅसिटर बदलले, कोणत्या तारखेला, आणि खाली, ‘पुढच्या मिस्त्रीसाठी’. पैसे किती म्हणून विचारले तर मामांकडे बघून म्हणाले, "कपॅसिटर तुमच्या भाचीने आणले. माझे तीन, त्यांचे साठ रुपये द्या."